प्रवेशद्वारावरची कॅनोपी: काच निवडण्याआधी भिंत ओळखा

व्यापारी इमारतीच्या दारावर कॅनोपी, म्हणजे भिंतीतून पुढे आलेलं छप्पर, बसवायची ठरली की पहिली चर्चा काचेच्या रंगाची होते. मग आकाराची, मग दिव्यांची. भिंतीचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, बहुतेक वेळा ड्रिल मशीन हातात घेतल्यावर. हा क्रम उलटा आहे. गळती, झोल, सैल झालेले बोल्ट, तडकलेली काच अशा ज्या तक्रारी वर्षा-दोन वर्षांत सुरू होतात, त्यांतल्या बऱ्याचशा या उलट्या क्रमातून येतात. कॅनोपी दिसते पुढे, पण तिचा सगळा भार मागच्या भिंतीतल्या मोजक्या बोल्टांवर असतो.

समजायला सोपं जावं म्हणून इथे एकच उदाहरण घेऊ. पुण्यातली तळमजला अधिक चार मजल्यांची ऑफिसांची इमारत, आरसीसीचा सांगाडा, खांबांच्या मध्ये ब्लॉकच्या भिंती. दारावर ६ मीटर रुंद आणि भिंतीपासून २.४ मीटर पुढे येणारी पोलाद आणि काचेची कॅनोपी. क्षेत्रफळ १४.४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १५५ चौरस फूट. भिंतीतून पुढे येणारे पाच पोलादी हात, दर दीड मीटरवर एक, आणि त्यांवर काचेचे चार तुकडे. खालचे आकडे विषय कळावा म्हणून आहेत. प्रत्यक्ष कामाचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करायचं आणि नकाशावर सही करायची. फॅब्रिकेटरच्या अंदाजावर डोक्यावरची काच टांगू नये.

भिंतीत काय आहे

बाहेरून सगळी भिंत एकसारखी दिसते. प्लास्टर, रंग, कधी त्यावर ग्रॅनाइट किंवा एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचं आवरण. आत मात्र तीन वेगळ्या गोष्टी असतात: काँक्रीटचे खांब, स्लॅबच्या पातळीवरची तुळई म्हणजे बीम, आणि उरलेल्या जागेत वीट किंवा हलका एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला सिमेंटचा ठोकळा. कॅनोपीचा भार घ्यायला यांतल्या पहिल्या दोनच लायक आहेत. एएसी ब्लॉक हाताने कोरता येण्याइतका मऊ असतो. त्यात अँकर बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण सततच्या ओढीने आणि वाऱ्याच्या हिसक्यांनी भोक मोठं होत जातं आणि एक दिवस बोल्ट भुग्यासकट बाहेर येतो.

म्हणून कॅनोपीची उंची ठरवताना आधी बीम शोधावी लागते. इमारतीचे मूळ स्ट्रक्चरल नकाशे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर जिथे हातांची पोलादी प्लेट येणार तिथलं प्लास्टर हातभर फोडून काँक्रीट डोळ्यांनी पाहावं आणि सळई शोधणारं यंत्र फिरवून सळयांच्या जागा खडूने आखाव्यात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात. दुकानासारखी दर्शनी बाजू दिसावी म्हणून कॅनोपी बीमच्या दोन फूट खाली हवी असा आग्रह धरला जातो, तेव्हा भिंतीत पोलादाची वेगळी चौकट घालावी लागते. तो खर्च आधी कळला तर उंचीबद्दलचा आग्रह बऱ्याचदा मवाळ होतो.

एक धोक्याची सूचना इथेच द्यायला हवी. इमारतीत पोस्ट-टेन्शन पद्धतीच्या बीम किंवा स्लॅब असतील, तर त्यांच्या पोटात ताणलेल्या पोलादी तारा असतात. अशा काँक्रीटमध्ये तारांची जागा नक्की कळल्याशिवाय एकही भोक पाडू नये. तार तुटली तर सुटलेला ताण जिवावर बेततो, शिवाय बीमची ताकद जाते ती वेगळीच.

सव्वापाचशे किलोचे अडीच टन कसे होतात

आता वजन पाहू. काचेचा हिशेब सोपा आहे: एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलोची असते. आठ मिलिमीटरच्या दोन काचा मध्ये चिकट थर घालून जोडल्या, तर चौरस मीटरला सुमारे ४२ किलो. पोलाद, क्लॅम्प आणि पन्हळ यांचे २८ धरले की झाले ७०. ज्या छतावर माणसांचा वावर नाही, त्यावर भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे ७५ किलो वरचा भार धरतात. दुरुस्तीला चढलेला माणूस, साचलेलं पाणी, कचरा हे सगळं त्यात आलं. एकूण १४५ किलो.

मधल्या एका हाताच्या वाट्याला दीड मीटर रुंद आणि २.४ मीटर लांब पट्टा येतो, म्हणजे ५२२ किलो. हे वजन भिंतीलगत नसतं, ते सरासरी १.२ मीटर पुढे असतं. पाण्याने भरलेली बादली छातीशी धरली तर चालते आणि हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो, तसंच इथे होतं. ५२२ गुणिले १.२ म्हणजे ६२६ ‘किलो गुणिले मीटर’ इतका पिळा भिंतीवर येतो. हात भिंतीला ज्या प्लेटने जोडला आहे, तिच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत २५० मिलिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर येणारी ओढ ६२६ भागिले ०.२५, म्हणजे अडीच टन. ही ओढ बोल्टला काँक्रीटमधून उपटण्याच्या दिशेने असते. सुरक्षिततेसाठी भार दीडपट धरला की पावणेचार टन.

प्लेट उंच केली की ही ओढ कमी होते. बोल्टांमधलं अंतर ४०० मिलिमीटर झालं तर अडीच टनांचे सुमारे १५६५ किलो होतात. म्हणून बीमची जितकी उंची मिळते तितकी प्लेटला वापरावी. दिसायला नाजूक म्हणून छोटी चौकोनी प्लेट लावणं ही फार महाग पडणारी हौस आहे. आणि बोल्ट टिकले म्हणजे झालं असंही नाही, कारण पाचही हातांचा पिळा शेवटी त्या एका बीमवर जातो. मागे स्लॅब एकजीव ओतलेला असेल तर तो बीमला वळू देत नाही. पण दारामागे दोन मजली उंच मोकळा हॉल असेल आणि बीम एकटीच असेल, तर ती अशा पिळ्यासाठी बनवलेली आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरा मार्ग वरून तिरकी दांडी लावण्याचा, ज्याला सगळे टाय रॉड म्हणतात. ती भिंतीपासून दोन मीटरवर हाताला पकडते आणि १.२ मीटर वर भिंतीला जोडलेली असते, असं धरू. तिच्यातली ओढ येते सुमारे ६०८ किलो. कुठे अडीच टन आणि कुठे सहाशे किलो! मात्र दांडी जितकी आडवी, तितका हा फायदा कमी. तीच दांडी फक्त अर्धा मीटर वर जोडली तर ओढ १,२९० किलोंवर जाते. म्हणून तिचा कोन आडव्या रेषेशी निदान ३० अंश असावा.

अडचण अशी, की खालचे हात बीमला जोडले तर त्याच्या १.२ मीटर वर हमखास ब्लॉकची भिंत किंवा खिडकी येते. कागदावर सुंदर दिसणारी टाय रॉडची कॅनोपी साइटवर इथे अडते. मग वरची टोकं फक्त खांबांवर आणावी लागतात, किंवा खालच्या बीमपासून वरच्या बीमपर्यंत पोलादी उभे पोस्ट बसवून त्यांना दांड्या जोडाव्या लागतात. ब्लॉकच्या भिंतीत आरपार बोल्ट घालून आतून मोठी प्लेट लावण्याचा उपाय काही जण करतात. पक्क्या विटांच्या नऊ इंची भिंतीत तो गणित करून चालवता येतो, पण १५० मिलिमीटरच्या एएसी भिंतीत प्रत्येक दांडीमागे पाचशे किलोंची आडवी ओढ द्यायला मन धजावू नये.

वारा वर उचलतो

कॅनोपी खाली पडेल ही भीती सगळ्यांना असते. ती वर उडेल याचा विचार कमी होतो. समोरून आलेला वारा भिंतीवर आदळतो, त्याचा एक भाग खाली वळतो आणि कॅनोपीच्या पोटाखाली अडकून तिला वर ढकलतो. छत्री उलटी होते ती अशीच.

आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात शहरांचे मूळ वाऱ्याचे वेग दिले आहेत. पुणे आणि नाशिक ३९ मीटर प्रति सेकंद, मुंबई आणि नागपूर ४४. तासाला किलोमीटरमध्ये सांगायचं तर १४० आणि १५८. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो. पुण्यात चौरस मीटरला सुमारे ९३ किलो, मुंबईत ११८. इमारतीची उंची, भोवतालची मोकळी जागा, कॅनोपीचा आकार आणि जागा यांप्रमाणे त्यात इंजिनिअर गुणक लावतो. ते सगळे गुणक आपण इथे १ धरले आहेत. इमारतीच्या कोपऱ्याजवळ आणि उघड्या माळावर दाब वाढतो.

आपल्या कॅनोपीचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ७० किलो. उचलण्याच्या तपासणीत स्वतःचं वजन ०.९ पट आणि वारा १.५ पट धरतात. म्हणजे १४० वजा ६३, वरच्या दिशेने ७७ किलो शिल्लक. एका मधल्या हातावर २७७ किलोंचं उचलणं आलं. आता तो टाय रॉड आठवा. खाली दाबणाऱ्या भाराने तो ताणला जातो, तेव्हा १६ मिलिमीटरची बारीक सळईही पुरते. वारा उचलतो तेव्हा मात्र तिच्यावर दाब येतो, आपल्या उदाहरणात सुमारे ३२३ किलो. २.३३ मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड सळई आदर्श स्थितीतही सुमारे १२० किलोंच्या दाबाला वाकते. ती वाकली की सगळं उचलणं हाताच्या मुळाशी असलेल्या बोल्टांवर जातं, आणि ते उलट्या दिशेच्या पिळ्यासाठी डिझाइन केलेलेच नसतात. खालचे बोल्ट उपटायला लागतात.

उपाय साधा आहे. सळईच्या जागी पाइप. बाहेरून ४८.३ मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा पाइप त्याच लांबीत चार टनांहून जास्त दाबाला वाकतो, तेव्हा ३२३ किलो त्याला काहीच नाहीत. दोन्ही टोकांच्या पिना आणि पट्ट्याही ओढ आणि दाब दोन्हींसाठी तपासाव्यात. कोटेशनमध्ये नुसतं ‘एसएस टाय रॉड’ असं लिहिलेलं आलं, तर उचलणारा वारा कोण घेणार, हा प्रश्न विचाराच. उत्तर देणारा गोंधळला तर त्याने तो धरलेला नाही. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या हलक्या कॅनोपीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण वाऱ्याला दाबून धरायला वजनच नसतं.

काच: फुटल्यावर काय होतं ते आधी ठरवा

डोक्यावरची काच लॅमिनेटेडच, म्हणजे मध्ये चिकट थर घालून जोडलेलीच हवी. नुसती टफन्ड काच (तापवून झटकन थंड केलेली कडक काच), कितीही जाड असली तरी, इथे चालत नाही. तिच्या पोटात निकेल सल्फाइडचे सूक्ष्म कण राहून गेले तर ती काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कोणी हात न लावता फुटते आणि तिचे तुकडे खाली बरसतात. टफन्ड काच घेताना हीट सोक चाचणी करून मागावी. भट्टीत तासन्‌तास तापवून असे दोष असलेल्या बहुतेक काचा कारखान्यातच फुटून जातात. पण ही चाचणी लॅमिनेशनला पर्याय नाही.

लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये पीव्हीबी हा लवचिक थर असतो आणि तो तुकडे धरून ठेवतो. तो ०.३८ मिलिमीटरच्या पटीत मिळतो. टफन्ड काच भट्टीतल्या रुळांवरून जाताना तिला अगदी हलक्या लाटा येतात, म्हणून दोन टफन्ड काचा जोडताना १.५२ मिलिमीटरचा थर घेतात. पातळ थर त्या लाटा भरू शकत नाही आणि पुढे बुडबुडे दिसतात.

इथे एक बारकावा आहे. दोन्ही थर टफन्ड असतील आणि दोन्ही फुटले, तर त्या काचेत कडकपणा उरत नाही, ती ओल्या गोधडीसारखी लोंबते. चारच बिंदूंवर स्पायडर फिटिंगने, म्हणजे काचेच्या भोकांत बसणाऱ्या फाटे असलेल्या पकडीने, टांगलेली असेल तर फिटिंगमधून फाटून खाली येऊ शकते. म्हणून कॅनोपीच्या काचेला कडांखाली पोलादाचा आधार देणं उत्तम. बिंदूंवरच टांगायची असेल तर हीट-स्ट्रेंग्दन्ड काच घ्यावी, जिचे तुकडे मोठे पडतात आणि एकमेकांत अडकून राहतात, किंवा पीव्हीबीपेक्षा पुष्कळ कडक असा आयोनोप्लास्ट थर घ्यावा. खर्च वाढतो, पण दाराखालून दिवसभर माणसं जातात.

टफन्ड काचेला नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी नकाशावरची मापं कारखान्यात पाठवली जातात. पोलाद बसताना पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे होतंच आणि भोकं जुळत नाहीत. मग पोरं फिटिंग ठोकून बसवतात आणि भोकाच्या कडेवर ताण येऊन काच काही आठवड्यांत तडकते. पोलाद उभं राहून लेव्हल झाल्यावर, प्रत्येक तुकड्याचं प्लायवूडचं टेम्प्लेट काढून मगच काचेची ऑर्डर द्यावी. त्यात दोन-तीन आठवडे जातात. ते वेळापत्रकात पहिल्यापासून धरावेत.

आधाराच्या जागी काच आणि पोलाद एकमेकांना कधीही थेट टेकू नयेत. मध्ये ईपीडीएम रबर, भोकात नायलॉनची बुश.

पाणी

६ गुणिले २.४ मीटरच्या छतावर पाणी किती येणार? ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तर मिनिटाला २४ लिटर. फार वाटत नाही. पण कॅनोपीच्या वरची दहा मीटर उंच भिंतही वाऱ्याने आलेला पाऊस झेलते आणि तो सगळा ओघळून खाली येतो. भिंतीच्या क्षेत्रफळाचा अर्धा भाग छतात मिळवायचा असा प्रघात आहे. ६० चौरस मीटरचे ३० मिळवले की पाणी होतं मिनिटाला ७४ लिटर. तिप्पट! पन्हळ भरून वाहते ती बहुतेक वेळा ही भिंत हिशेबात न धरल्यामुळे.

उतार पुढे ठेवला तर पागोळ्या थेट येणाऱ्याच्या डोक्यावर पडतात, म्हणून पुढच्या कडेला पन्हळ लावावी लागते आणि ती समोरून दिसते. उतार भिंतीकडे दिला तर दर्शनी कड स्वच्छ राहते, पण पाणी इमारतीच्या अंगाशी येतं. आमचा कल भिंतीकडच्या उताराकडे आहे, मात्र तीन अटींवर. पन्हळीला ७५ मिलिमीटरची दोन तोंडं हवीत, म्हणजे एक पानांनी बुजलं तरी दुसरं चालू राहील. पन्हळीच्या पुढच्या काठाला एक खाच हवी, जी भिंतीवरच्या फ्लॅशिंगपेक्षा (सांधा झाकणाऱ्या पत्र्यापेक्षा) खाली असेल, म्हणजे सगळं तुंबलं तर पाणी बाहेर पडेल, भिंतीत शिरणार नाही. आणि उतार निदान तीन अंशांचा हवा, म्हणजे २.४ मीटरमध्ये साधारण १२५ मिलिमीटर. दोन टक्के उतारात जेमतेम ४८ मिलिमीटर मिळतात. पोलादाचा हात भाराने टोकाशी १३ मिलिमीटरपर्यंत वाकणं आयएस ८०० ला मान्य आहे, बसवताना थोडी चूक होते, आणि मग उरलेल्या उतारावर पुण्याची धूळ चिखल होऊन बसते.

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा पावसासाठी पन्हळ बनवता येत नाही. अशा दिवशी पाणी कुठून बाहेर पडावं, हे मात्र त्या खाचेने ठरवता येतं.

भिंत आणि कॅनोपी यांच्या सांध्यावर नुसती सिलिकॉनची रेघ ओढून भागत नाही. कॅनोपी वाऱ्याने आणि उन्हाने हलते, भिंत हलत नाही, आणि रंगावर चिकटलेलं सिलिकॉन रंगासकट सुटतं. भिंतीत २० ते २५ मिलिमीटर खोल आडवी खाच पाडून त्यात धातूच्या पत्र्याची वरची कड अडकवायची, खालची कड पन्हळीच्या आत उतरवायची. सिलिकॉन असतं ते फक्त खाच बुजवायला. काचांमधल्या १० ते १२ मिलिमीटरच्या फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून मग सिलिकॉन भरावं, खोली रुंदीच्या निम्मी. इथे न्यूट्रल क्युअर प्रकारच घ्यावा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन जस्ताचा थर खातं, काँक्रीटला नीट धरत नाही आणि लॅमिनेटेड काचेच्या कडेला पीव्हीबी पांढरट करतं.

बोल्ट

आधी प्लेटच्या जागचं प्लास्टर काँक्रीटपर्यंत काढा. प्लास्टरवर बसवलेली प्लेट काही महिन्यांत प्लास्टर चुरडते आणि बोल्ट सैल पडतात. ग्रॅनाइट किंवा एसीपीवर प्लेट बसवणं त्याहून वाईट: मागे पोकळी असते आणि बोल्टला ओढीबरोबर वाकणंही सोसावं लागतं. आवरण कापून काँक्रीटला भिडायचं, आणि काँक्रीट खडबडीत असेल तर मागे न आकसणारा ग्राउट, म्हणजे सिमेंटचं भरण, भरायचा.

एम १६ चा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला १६ मिलिमीटरचा बोल्ट, असेल तर साधारण १८ मिलिमीटरचं भोक, १२५ मिलिमीटर खोल, हॅमर ड्रिलने. सळई लागली तर ती कापायची नाही, भोक सरकवायचं. म्हणूनच प्लेटची भोकं सळया आखून झाल्यावर पाडावीत. मग भोक फुंकणं, ताराच्या ब्रशने घासणं, पुन्हा फुंकणं, पुन्हा घासणं, शेवटी परत फुंकणं. याच पायरीला सगळे कंटाळतात. धूळ राहिली तर रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं, आणि वरून पाहून ते ओळखता येत नाही. काडतुसातून पहिले काही झटके बाहेर टाकून द्यावेत, दोन्ही भाग मिसळून रंग एकसारखा आला की भोकात तळापासून भरावं. मे महिन्याच्या उन्हात रसायन हातात असतानाच घट्ट व्हायला लागतं, डिसेंबरच्या पहाटे ते वाळायला खूप वेळ घेतं. उत्पादकाच्या तक्त्यातली वेळ त्या दिवसाच्या काँक्रीटच्या तापमानाशी पाहावी, आणि तोवर बोल्टला पाना लावू नये. शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळणं, आणि काही बोल्टांवर ओढून पाहण्याची चाचणी. तिचा कागद फाइलमध्ये ठेवावा.

गंज

पुण्या-नाशकात ३०४ ग्रेडचं स्टेनलेस चालून जातं. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेत ३१६ घ्यावं, नाहीतर दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके येतात. साध्या पोलादाला हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग करून मग रंग द्यावा. पाच मिलिमीटर आणि त्याहून जाड पोलादावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉनचा थर. सुमारे ४५० अंशांच्या जस्ताच्या कुंडात बंद पाइप गेला तर आतली हवा आणि ओल वाफ होऊन तो फुटू शकतो, म्हणून पाइपांना हवेची भोकं आधीच ठेवावी लागतात. दिव्यांच्या वायरींसाठीची भोकंही याच वेळी पाडावीत. एकदा जस्त चढलं की साइटवर वेल्डिंग करायचं नाही, सगळे जोड बोल्टचे. नाइलाजाने करावंच लागलं तर जागा घासून जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात. वेल्डरने पूर्ण सांगाडा साइटवर वेल्ड करून वर चांदीचा रंग फासला, तर तो दिसायला तसाच दिसतो. पहिला पावसाळा फरक दाखवतो.

परवानगी आणि चढवण्याचं काम

मुंबईत डीसीपीआर २०३४ ही विकास नियंत्रण नियमावली आणि उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे. इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेत कॅनोपी किती पुढे येऊ शकते आणि खाली किती उंची मोकळी हवी, हे तिथे पाहून आर्किटेक्टकडून मंजूर करून घ्यावं. अग्निशमन दलाच्या गाडीच्या वाटेवर ती येत असेल तर सुंदर डिझाइनही बदलावं लागतं.

आपल्या काचेचा एक तुकडा दीड गुणिले २.४ मीटर, वजन सुमारे १५१ किलो. तो शिडीवर उभ्या चार माणसांनी उचलायचा नाही. पूर्ण रुंदीचं पक्कं स्कॅफोल्डिंग, व्हॅक्यूम कप आणि छोटी क्रेन किंवा चेन पुली. कप ज्या वजनासाठी आहेत त्याच्या निम्म्यावरच वापरावेत आणि काच ओली किंवा धुळकट असताना मुळीच लावू नयेत. दार तेवढा वेळ बंद ठेवावं, लोकांना बाजूच्या वाटेने न्यावं. रविवारची सकाळ बरी, वारा सुटला तर थांबावं. सगळे तुकडे बसल्यावर पन्हळीची तोंडं तात्पुरती बुजवून नळाने पाणी सोडावं आणि तासभर खाली उभं राहून पाहावं. पाणी खाचेतून बाहेर पडलं, भिंत कोरडी राहिली, तर बिल पास करायला हरकत नाही.

कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तशी कॅनोपीचीही मे महिन्यात एक फेरी ठेवावी: पन्हळीतली पानं काढणं, बोल्टांवर टॉर्क पाना फिरवणं, पिना आणि फ्लॅशिंग पाहणं, काचेच्या कडेला पांढरी झाक येत आहे का ते पाहणं. झाक आली असेल तर पाणी कडेतून आत शिरतंय. फक्त वरून सिलिकॉन थापू नका. उतार आणि सांधा तपासा, पाणी तिथे का थांबतंय ते शोधा. आणि सफाईला येणाऱ्या माणसाला लिहून द्या, की काचेवर पाय ठेवायचा नाही, काम शिडीवरून किंवा स्कॅफोल्डिंगवरूनच करायचं.